जेम्स वॅट : उष्णतेचा हिशेब ठेवणारा कारागीर

एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी, यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आपले देवबाग वसलेले आहे. येथे वाढलेल्या मुलास उष्णता ही यत्नाने मिळवावयाची व जपून ठेवावयाची वस्तू आहे, हे सांगून सहसा पटावयाचे नाही. चैत्र-वैशाखात पायांखालची वाळू अशी तापते की, एका माडाच्या सावलीतून दुसऱ्या माडाच्या सावलीत धावतच जावे लागते. परंतु हाच मुलगा आषाढात मोटारीतून आंबोलीचा घाट चढू लागला म्हणजे त्यास निराळा अनुभव येतो. बाहेर धुके दाटलेले असते, पुढील काच आतून धुरकट होते आणि गाडी हाकणारा हीटरची कळ फिरवितो. ऊन वारा काचेवर आला तर काच निवळते. न आला तर गाडी कडेला उभी करून पंचाने काच पुसत बसावे लागते. अशा वेळी हीटर रुसला म्हणून पुष्कळ माणसे कळीवरच राग काढतात. पुढचे यंत्र तर चांगले तापलेले आहे, मग त्यातील उष्णता वाटेत गेली कोठे, असा प्रश्न फारच थोडे विचारतात. हा एकच प्रश्न ज्याने जन्मभर विचारला आणि त्यापायी जगाचा व्यवहार पालटून टाकला, त्या जेम्स वॅटचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लाइड नदी रुंदावत समुद्रास मिळू लागते तेथे, ग्रीनॉक नावाचे बंदर आहे. त्या गावी ता. १९ जानेवारी १७३६ रोजी जेम्सचा जन्म झाला. बाप जहाजाचा सुतार असून जहाजांस लागणाऱ्या नाना जिनसांचा व्यापारही करी. आई अॅग्नेस ही सुशिक्षित व करारी बाई होती. मूल अशक्त, डोकेदुखीने व दातदुखीने नेहमी बेजार. म्हणून आरंभीचे शिक्षण घरीच झाले. पुढे शाळेत घातल्यावरही प्रथम त्याची गणना मंद मुलांतच होत असे. भूमितीचा विषय आला तेव्हा मात्र त्याची बुद्धी एकाएकी जागी झाली. बापाच्या कारखान्यात त्याला स्वतःची लहानशी हत्यारे व लहानशी भट्टी मिळाली होती. होकायंत्रे व इतर नाविक उपकरणे तेथे दुरुस्तीस येत. ती उकलून पाहण्यात या मुलाचा दिवस जाई.

येथे चहाच्या किटलीची प्रसिद्ध गोष्ट वाचकांस आठवेल. किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून बालक वॅटला वाफेच्या यंत्राची कल्पना सुचली, असे क्रमिक पुस्तकांतून सांगत आलेले आहेत. ही आठवण त्याच्या एका नातलग स्त्रीने पुष्कळ वर्षांनी लिहून ठेविलेली आहे, आणि मुलगा किटलीशी खेळला असेलही. पण वाफेचे यंत्र वॅटने मुळात शोधून काढिलेच नाही. टॉमस न्यूकमेन नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने ते वॅटच्या जन्मापूर्वी २४ वर्षे, म्हणजे इ. स. १७१२ मध्येच, खाणींतील पाणी उपसण्यासाठी उभे केले होते. वॅटने केले ते याहून निराळे, आणि माझ्या मते याहून अधिक बोधप्रद आहे. त्याने एका नादुरुस्त यंत्रातील दोषाचे कारण शोधिले.

त्या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी बरेच हाल सोसावे लागले. वॅट अठराएक वर्षांचा होईतो आई वारली आणि बापाचा व्यापार खालावला. गणितविषयक उपकरणे तयार करण्याचा धंदा शिकावा म्हणून इ. स. १७५५ मध्ये तो लंडनला गेला. तेथील रीत सात वर्षे उमेदवारी करण्याची; याच्यापाशी ना तितका वेळ ना तितका पैसा. अखेर जॉन मॉर्गन नामक कारागिराने २० गिनी घेऊन एक वर्ष शिकविण्याचे कबूल केले. त्या वर्षात वॅट अपुरे खाऊन, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबला. आरमारासाठी तरुणांना जबरीने धरून नेणाऱ्या टोळ्या तेव्हा लंडनच्या रस्त्यांतून हिंडत असल्यामुळे बाहेर पडण्याचीही सोय नव्हती. वर्ष संपता प्रकृती पार ढासळली, परंतु हातात विद्या आली. ग्लासगोस परतल्यावर तेथील विद्यापीठाकडे जमेकाहून आलेली ज्योतिषाची उपकरणे समुद्राच्या हवेने गंजली होती, ती साफ करण्याचे काम त्यास मिळाले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांस या गंजाची निराळी ओळख करून द्यावयास नको. काम पसंत पडले आणि इ. स. १७५७ मध्ये विद्यापीठाने आपल्याच आवारात त्याला कारखान्यास जागा दिली. हळूहळू तेथे प्राध्यापकांची व विद्यार्थ्यांची बैठक जमू लागली. उष्णतेचा अभ्यास करणारे डॉ. जोसेफ ब्लॅक त्यांपैकीच एक होते.

इ. स. १७६३-६४ च्या हिवाळ्यात प्रा. अँडरसन यांनी न्यूकमेनच्या यंत्राची एक लहानशी प्रतिकृती वॅटकडे दुरुस्तीस दिली. वर्गात दाखविण्यासाठी ती केलेली होती. पूर्वी ती लंडनच्या एका नामांकित कारागिराकडे पाठविली होती, पण तेथूनही ती तशीच परत आली होती. तिच्या नळकांड्याचा व्यास २ इंच आणि दट्ट्याची चाल ६ इंच. वॅटने ती उकलून, जुळवून, नीट बसविली. आता चालावयास काहीच हरकत नव्हती. बॉयलर तर नळकांड्याच्या मानाने मोठाच दिसत होता. तरीसुद्धा यंत्र चार-दोन फेरे घेई आणि वाफ संपून थांबे.

दुसरा कोणी असता तर बॉयलर आणखी मोठा करून मोकळा झाला असता. वॅटने प्रथम हे विचारिले की, वाफ निर्माण तर होते, मग ती खर्च कोठे होते? या यंत्रात नळकांडे वाफेने भरीत, मग त्यातच थंड पाण्याची धार सोडीत. वाफेचे पाणी होई, नळकांड्यात पोकळी उत्पन्न होई, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पुन्हा वाफ सोडावी, पुन्हा पाणी. वॅटने पाहिले की, दर फेऱ्यास थंड झालेले पितळी नळकांडे पुन्हा तापविण्यातच नव्या वाफेचा मोठा भाग जातो. लहान प्रतिकृतीत तर आतील जागेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग अधिक, म्हणून तोटाही अधिक. ही केवळ अटकळ त्याला पुरेशी वाटली नाही. त्याने पाण्याची वाफ झाली असता ती किती पट जागा व्यापते हे मोजले. उत्तर सुमारे १८०० पट आले. मग एका फेऱ्यास किती पाणी उकळून जाते ते मोजले, तेव्हा नळकांडे भरण्यास लागावी त्याच्या कित्येक पट वाफ खर्च होते असे आढळले. जवसाच्या तेलात मुरवून भाजलेल्या लाकडाचे नळकांडेही त्याने करून पाहिले, कारण लाकूड उष्णता कमी ओढते. वाफेची बचत झाली; परंतु लाकूड टिकणार नव्हते, आणि सगळा तोटा काही त्याने भरून येत नव्हता.

याच मोजमापात त्याला एक नवल दिसले. थंड पाण्याच्या भांड्यात नळीने वाफ सोडली तर ती आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीस आणते. इतकीशी वाफ, आणि तिच्यात एवढी उष्णता लपलेली कशी? ही गोष्ट त्याने डॉ. ब्लॅक यांस सांगितली. पाण्याची वाफ होताना ऊन-थंडपणात फरक न पडता बरीच उष्णता तिच्यात गुप्त रूपाने साठते, ही सुप्त उष्णतेची उपपत्ती ब्लॅक आपल्या विद्यार्थ्यांस शिकवीतच होते. पंडिताने जे विचाराने जाणले होते ते कारागिराच्या तराजूने स्वतंत्रपणे पकडले. भाताच्या पेजेपेक्षा तिच्या वाफेने हात अधिक पोळतो, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कारण मात्र हेच.

आता पेच असा होता : वाफ वाया जाऊ नये म्हणून नळकांडे सदा ऊन पाहिजे, पोकळी उत्तम व्हावी म्हणून तेच नळकांडे थंड पाहिजे. दोन्ही एकाच वेळी कसे साधावे? इ. स. १७६५ च्या वसंत ऋतूत एका रविवारी दुपारी वॅट ग्लासगोच्या हिरवळीवर फिरावयास गेला असता याचे उत्तर त्यास सुचले. वाफ ही पसरणारी वस्तू आहे. शेजारी पोकळ केलेले दुसरे पात्र जोडले तर ती आपण होऊन तिकडे धावेल. मग थंड पाण्याचे काम त्या दुसऱ्या पात्रात होऊ द्यावे, नळकांड्यास स्पर्शही करू नये. त्या काळी स्कॉटलंडात रविवारी काम करणे निषिद्ध मानीत, म्हणून रात्रभर ही कल्पना मनात बाळगून सोमवारी त्याने हत्यारे हाती घेतली. डॉक्टर लोक वापरीत असलेली एक पितळी पिचकारी हेच नळकांडे, आणि जस्ती डब्यांसारख्या पातळ पत्र्याचे निवविण्याचे पात्र. या खेळण्यासारख्या यंत्राने १८ पौंडांचे वजन उचलले.

शोध दोन दिवसांत लागला. तो पोटास लागण्यास दहा वर्षे लागली. या दहा वर्षांची हकीकत चरित्रकार बहुधा चार ओळींत उरकतात, आणि येथेच वॅटची खरी कसोटी झाली. मोठे यंत्र करावे तर नळकांडे गोल ओतता येईना. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. कापड, बूच, कागदाचा लगदा, जे जे सुचेल ते त्याने कडेस भरून पाहिले. पैसा डॉ. ब्लॅक यांच्याकडून कर्जाऊ घेतला, पुढे डॉ. रोबक नामक कारखानदार भागीदार झाले आणि ता. ५ जानेवारी १७६९ रोजी सनद मिळाली. तरी घर चालेना. इ. स. १७६४ मध्ये त्याने मार्गारेट मिलर या आपल्या नात्यातील मुलीशी विवाह केला होता, मुलेबाळे होती. तेव्हा कालव्यांच्या जमिनीची मोजणी करीत, थंडीवाऱ्यात डोंगरांतून हिंडण्याचे काम त्याने पत्करले. इ. स. १७७३ मध्ये रोबक यांचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात, वॅट उत्तरेकडे मोजणीवर असताना, पत्नी बाळंतपणात दगावली. तो घरी पोहोचला तेव्हा सर्व आटोपले होते.

यापुढे दैव फिरले. रोबक यांचा हिस्सा बर्मिंगहॅमचे मॅथ्यू बोल्टन यांनी घेतला आणि इ. स. १७७४ मध्ये वॅट मुलांसह त्या शहरी गेला. बोल्टन यांच्यापाशी भांडवल, कसबी कामगार आणि अढळ उमेद होती. यांपैकी शेवटची वस्तू वॅटपाशी कधीच नव्हती. जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा कोरण्याचे नवे यंत्र केले होते. त्याच पद्धतीने कोरलेल्या ५० इंच व्यासाच्या नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक राहिली नाही. जी अडचण दहा वर्षे सुटली नव्हती ती तोफखान्याच्या विद्येने सुटली. इ. स. १७७६ मध्ये पहिली दोन यंत्रे धंद्यात चालू झाली. त्याच वर्षी वॅटने अॅन मॅग्रेगर हिच्याशी दुसरा विवाह केला.

कॉर्नवॉलच्या खाणीत कोळसा दुरून आणावा लागे, म्हणून तेथे या यंत्रांस मोठी मागणी आली. मोबदल्याची रीत विलक्षण होती. जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅट-बोल्टन यांनी घ्यावयाचा. त्यासाठी यंत्राचे फेरे मोजणारे साधन कुलूपबंद पेटीत बसविलेले असे. खाणवाले हप्ते थकवीत, भांडत, आणि वॅटला हिशेबाच्या त्या भांडणापेक्षा तोफेच्या तोंडी जाणे बरे वाटे. पुढील काही वर्षांत चाक फिरविणारे यंत्र, दट्ट्यास दोन्ही बाजूंनी ढकलणारी वाफ, दांडा सरळ रेषेत चालविणारी जुळणी आणि, पवनचक्कीतील युक्ती उचलून, वेग आपोआप सांभाळणारा नियामक, असे शोध एकामागून एक आले.

आता या लेखाच्या आरंभीच्या हीटरकडे वळतो. कारण वॅटने स्वतःही एक केला होता, आणि तोही नीट चालला नव्हता. इ. स. १७८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने आपली अभ्यासाची खोली वाफेने ऊबदार करण्याचे ठरविले. खोली सुमारे १८ फूट लांब व १४ फूट रुंद. कल्हई केलेल्या लोखंडी पत्र्याची, साडेतीन फूट लांब, अडीच फूट उंच व जेमतेम एक इंच जाडीची पोकळ पेटी करून त्याने ती जमिनीजवळ उभी केली. खालच्या खोलीतील बॉयलरमधून नळीने वाफ येई, पेटीत निवून तिचे पाणी होई आणि ते पुन्हा खाली जाई. पेटीत कोंडलेली हवा बाहेर सोडण्यासाठी वर एक तोटी होती. सर्व योजना निर्दोष, तरी खोली अपेक्षेप्रमाणे तापली नाही. दोष वाफेत नव्हता, नळीत नव्हता. तो पेटीच्या लखलखीत अंगात होता. चकचकीत पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकण्यास फार कंजूष असतो. तोच काळा वा खरखरीत असेल तर तीच वाफ खोलीस अधिक ऊब देते. जॉन लेस्ली यांनी इ. स. १८०४ मध्ये प्रयोगांनी ही गोष्ट सिद्ध करून प्रसिद्ध केली. तापलेली चहाची किटली घासून लख्ख ठेविली तर चहा अधिक वेळ ऊन राहतो, त्याचेही कारण हेच.

त्या पेटीवरील हवेची तोटी वाचकांनी लक्षात ठेवावी. पेट्रोल वा डिझेलवरील मोटारीच्या हीटरमध्ये तिचा संबंध येतो. हा हीटर आपली उष्णता स्वतः उत्पन्न करीत नाही. यंत्र थंड राखण्यासाठी त्याभोवती जे पाणी फिरते ते तापून एका लहान जाळीतून जाते, आणि पंखा त्या जाळीवरून वारा घालतो. तेव्हा ऊन वारा येईनासा झाला म्हणजे वॅटप्रमाणे उष्णतेच्या मागोमाग चालत जावे. यंत्राचा तापदर्शक काटा वरच चढत नसेल, तर पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, जिला थर्मोस्टॅट म्हणतात, ती उघडीच अडकली असण्याचा संभव. पाणी तापण्याआधीच निवते. गाडी पळताना ऊन वारा येतो आणि उभी राहताच थंड होतो, असे असेल तर पाणी कमी झाले आहे किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे. जाळीकडे जाणारी नळी ऊन आणि परतणारी थंड लागली, तर जाळी गाळाने तुंबली असावी. मात्र यंत्र तापलेले असताना पाण्याचे झाकण कदापि उघडू नये. वॅटने मोजलेली ती सुप्त उष्णता क्षणात अंगावर येते. आपल्या खाडीतील होडीवाले मागच्या यंत्रातून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे अधूनमधून नजर टाकीत असतात. धार चालू आहे तोवर पाणी फिरते आहे, एवढे त्यांना तिच्यावरून कळते.

मोटारीचा विषय निघाला म्हणून एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. वॅटचा हाताखालचा हुशार कारागीर विल्यम मर्डॉक याने इ. स. १७८४ च्या सुमारास वाफेवर धावणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती केली. वॅटने त्याला उत्तेजन देण्याऐवजी त्या नादापासून परावृत्त केले. अधिक दाबाची वाफ त्याला धोक्याची वाटे. त्या काळचे बॉयलर पाहता ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण पार्लमेंटाने इ. स. १७७५ मध्ये त्याची सनद २५ वर्षांनी वाढवून दिली होती, आणि तिच्या बळावर त्याने इतर शोधकांना कोर्टात खेचले, हेही खरे. ती मुदत इ. स. १८०० मध्ये संपल्यावर थोड्याच वर्षांत रिचर्ड ट्रेव्हिथिक याने वाफेची गाडी रुळांवर चालवून दाखविली.

वाफेचे हे राज्य आपल्यापर्यंतही आले. ता. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली, इ. स. १८५६ मध्ये कावसजी दावर यांच्या गिरणीत वाफेच्या बळावर सूत निघू लागले. त्या गिरण्यांत राबावयास कोकणातील माणसे गेली, ती किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटींतून. मालवण बंदरात बोटीची वाट पाहत पेटीवर बसलेल्या आजोबांच्या गोष्टी देवबागेतील अनेक घरांत अजून सांगतात. त्या बोटींच्या यंत्रांतही वाफ निवविण्याचे पात्र निराळेच असे.

वॅट इ. स. १८०० मध्ये धंद्यातून निवृत्त झाला. मुलगी जेसी १७९४ मध्ये व बुद्धिमान मुलगा ग्रेगरी १८०४ मध्ये, दोघेही ऐन तारुण्यात निवर्तली. घराच्या माळ्यावर त्याने एक लहानसा कारखाना केला आणि मूर्तींच्या हुबेहूब प्रतिकृती कोरणारे यंत्र सुधारण्यात तो म्हातारपणाचे दिवस घालवू लागला. ज्याला तरुणपणी सदा आजारी म्हणत तो ८३ वर्षे जगला आणि ता. २५ ऑगस्ट १८१९ रोजी शांतपणे वारला. इ. स. १८८२ मध्ये शक्तीच्या मापास त्याचे नाव देण्यात आले. घरातील दिव्यावर छापलेला वॅट तो हाच. तो माळा कित्येक वर्षे जसाच्या तसा बंद होता. १९२४ मध्ये त्यातील हत्यारे व चीजवस्तू लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात नेण्यात आल्या. प्रा. अँडरसन यांनी दुरुस्तीस दिलेली प्रतिकृती मात्र ग्लासगो विद्यापीठानेच जपून ठेविली आहे. हंटेरियन संग्रहालयात ती पाहावयास मिळते. तिचे नळकांडे दोन इंच व्यासाचे आहे.